दाराचा मॅग्नेट अलार्म (449 रुपयात दोन नग) : चार महिने वापरल्यावर

दिवाळीनंतर घेतला, आता चार महिने झाले म्हणून लिहून राहिली. आमचं गाव आर्वीपासून 18 किलोमीटर आत. हिवाळ्यात इकडे चोराला काही पाळत ठेवायची गरज नसते, ज्या आठवड्यात शेतीपंपाची लाईन रात्रीची असते त्या आठवड्यात अर्धे माणसं गहू-चण्याच्या ओलिताला वावरात, उरलेले रानडुकरांसाठी जागलीला, अन् घरी कोण तर बाया, म्हातारे, लेकरं. अन् घरात काय तर कापूस. भाव वाढीन वाढीन म्हणून पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत भरलेला, अंगाला खाज सुटते ते वेगळंच. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव 8110 रुपये क्विंटल होता, आमच्याकडे 20 क्विंटलच्या वर पडला होता, करा हिशोब.

वस्तू एकदम साधी आहे. दोन तुकडे, एकात लोहचुंबक ते दाराला, दुसऱ्यात सायरन अन् तीन बटन सेल ते चौकटीला, दोघं एक-दीड सेंटिमीटरच्या वर लांब झाले की बोंबलणं सुरू. वायफाय नाही, ॲप नाही, लाईन गेली तरी चालते. दीर कॅमेरा घ्या म्हणत होते, पण कॅमेरा चोर येऊन गेल्यावर तो कसा दिसत होता ते सांगीन, अन् लाईन गेली की आमचं राऊटर पण गेलंच समजा.

आता तक्रारी. सोबतची टेप फालतू आहे, सागाच्या जुन्या दारावर तिसऱ्या दिवशी सुटली, शेवटी यांनी बारीक स्क्रू मारले. सेल गावात मिळत नाही, आर्वीला घड्याळवाल्याकडे मिळाले. बॉक्सवर 120 डेसिबल लिहिलंय, तेवढा काही वाटत नाही पण घरातले सगळे उठतात अन् शेजारच्या काकू उठतात, बस झालं की. पहिल्या आठ दिवसात पाच वेळा वाजला, त्यातून चार वेळा मांजर, मागचं दार ढकलून न्हाणीत जाते ते. मग त्या दाराला वरून एक जास्तीची कडी बसवली तेव्हा मांजर थांबलं. पाचवी वेळ मामाजी म्हणजे माझे सासरे, पहाटे बाहेर निघाले अन् बटन बंद करायचं विसरले.

पण खरी गोष्ट अलार्मची नाहीच. वाजला तर करायचं काय, यावर आमच्याकडे जेवताना जे भांडण झालं ते या 449 पेक्षा कामाचं निघालं. मामाजींची कुऱ्हाड खाटेखाली असते, ते म्हणे बाहेर निघतो अन् एकाला तरी आडवा पाडतो. यांचं डोकं त्याहून पुढे, खिडकीच्या गजाला सरळ लाईनचा करंट सोडू म्हणे. दीर वर्ध्याला वकिली करतात, ते फोनवर असे भडकले की काय सांगू. वावरातल्या तारेत करंट सोडून माणसं मेल्याच्या केसा त्यांना माहीत आहेत, डुकरासाठी सोडला अन् शेजारचा गेला, आता त्याच्यासाठी जेलात. झटका मशीनची गोष्ट वेगळी, ती तारेला नुसता झटका देते, सरळ लाईन म्हणजे खून. मग त्यांनी नीट समजावलं की जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, स्वतःला अन् आपल्या मालाला वाचवायचा हक्क 34 ते 44 कलमांत आहे, रात्री घर फोडून आत घुसणाऱ्याच्या बाबतीत कलम 41 प्रमाणे तो पार समोरच्याचा जीव जाईपर्यंत जाऊ शकते, पण कलम 37 म्हणते गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही. म्हणजे अंगावर आलेल्याला मारलं ते वेगळं अन् पळत्याच्या पाठीत कुऱ्हाड घातली ते वेगळं. मामाजी म्हणाले, मंग काय चहा ठेवू का त्याच्यासाठी? वरून त्यांना मोतीबिंदू, अंधारात चोर कोणता अन् शेजारी कोणता हेच कळणार नाही, हे मात्र मी तोंडावर बोलली नाही.

शेवटी ठरलं असं. दार उघडायचं नाही. लेकरं घेऊन सगळ्यांनी मधल्या खोलीत जायचं, अंगणातला मोठा लाईट आतल्या बटनावरून लावायचा, जोरजोरात ओरडायचं, आधी काकूंना फोन अन् मग 112.

जानेवारीत रात्री 2 वाजून 10 मिनिटांनी वाजला. हे ओलिताला. खरं सांगते, मांजरच असंन म्हणून मी थोडा वेळ पडूनच राहिली. मग लाकडात लोखंड करकरल्यासारखा आवाज आला अन् पोटात गोळा आला. मामाजींचा हात खाटेखाली गेलाच होता. सासऱ्याचा रस्ता अडवायची आमच्यात रीत नाही, पण मी दारात उभी राहिली. लाईट लावला. आईंनी तर असल्या-नसल्या सगळ्या पोरांच्या नावानं हाका मारल्या, पुण्याच्या भाच्याला पण उठवला. तेवढ्यात मागून पळाल्याचा आवाज, दोघं तरी असतीन.

काकूंच्या घरचे पाच मिनिटात टॉर्च घेऊन आले. 112 वर फोन लगेच उचलला, पत्ता नीट विचारला, गाडी यायला पाऊण तास लागला, रस्ता तसाच आहे आमचा. मामाजी दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी स्वतःच सेल चेक करत होते.

सकाळी पाहिलं तर खालच्या कडीचा कोयंडा चौकटीतून उपटून लटकत होता, दार दोन बोटं उघडं, वरच्या कडीनं धरून ठेवलं. म्हणजे मांजरासाठी बसवलेली कडी कामी आली. न्हाणीजवळ रिकामी चुंगडी म्हणजे पोती पडली होती, चारची चार नीट घडी करून आणलेली. अन् ज्या सबलीनं (पहारीनं) कोयंडा उचकटला ती आमचीच, कोठ्यात कुटाराजवळ उघड्यावर ठेवलेली. घेणाऱ्यांनी आधी सबल, टिकास, कुऱ्हाड सगळं घरात घ्या, मग अलार्म लावा.

पाचपैकी साडेतीन स्टार. एक टेपसाठी कापला, अर्धा सेलसाठी. सबल पंचनाम्यात गेली ती अजून परत आली नाही, पण त्याचे स्टार कंपनीचे कशाला कापू.