मुंबईत एस्प्रेसो कुठे प्यावी

महिन्यातून दोनदा मी पंचवटी एक्सप्रेसने नाशिकहून मुंबईला येते. हॉस्पिटलांमधले ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेने उपकरणं निर्जंतुक करणारी यंत्रं, दुरुस्त करणं हे माझं काम, त्यामुळे वाफ, दाब आणि गास्केट यांच्यातच दिवस जातो. बहुतेक कामं परळ-भायखळ्याकडे असतात. काम सुरू होण्याआधी एक चांगली एस्प्रेसो मिळावी, एवढी माझी हौस. गेली चार वर्षं त्यासाठी बरीच कॅफे आणि रेस्टॉरंट पालथी घातली, बरेच पैसे वाया घालवले आणि थोडं शिकले.

आपल्याकडे ‘एस्प्रेसो’ म्हटलं की अजूनही लग्नातली कॉफी आठवते. स्टीलचा बॉयलर, त्याची शिट्टीसारखी वाजणारी नळी, जगमध्ये फेसाळणारं दूध आणि वरून भुरभुरलेली चॉकलेट पावडर. मला ती कॉफी मनापासून आवडते. कार्यालयात जेवणं आटोपली की मी अजूनही त्या रांगेत उभी राहते. पण ती दुधाची कॉफी आहे. एस्प्रेसो म्हणजे दोन-तीन घोटांची, दूध नसलेली, दाबाखाली काढलेली कॉफी.

हा दाब माझ्या ओळखीचा आहे. ऑटोक्लेव्ह १२१ अंशांवर चालतो तेव्हा आत वाफेचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा साधारण १ बार (बार हे दाबाचं एकक) जास्त असतो. एस्प्रेसोला लागतात ९ बार. नुसत्या वाफेने ९ बार गाठायचे तर तापमान १८० अंशांपर्यंत न्यावं लागेल आणि कॉफी करपून जाईल. इटलीतल्या मिलान शहरातल्या बेझेराने १९०१ साली पेटंट घेतलेलं यंत्र वाफेच्याच दाबावर चालायचं, त्यामुळे त्याची मजल थोड्या दाबापर्यंतच होती. पुढे त्याच शहरातल्या गॅजियाने तरफ आणि स्प्रिंगचा दट्ट्या बसवला. पाणी नव्वदीच्या घरात राहिलं आणि दाब मात्र कितीतरी पटींनी वाढला. कपावर जी तांबूस साय दिसते, क्रेमा, ती तेव्हापासूनची. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. माझ्याच धंद्यातल्या वाफ-दाबाची एक अवघड गाठ कुणीतरी सोडवली होती.

आता मुंबईबद्दल. महागडं ठिकाण म्हणजे चांगली एस्प्रेसो, हा माझा समज दक्षिण मुंबईतल्या एका मोठ्या हॉटेलच्या रेस्टॉरंटने मोडला. दुपारचे साडेतीन, हॉलमध्ये आम्ही दोनच टेबलं. कपाला करासकट साडेचारशेच्या वर पैसे दिले आणि हातात आलं काळं, कोमट, राखेसारखं कडू पाणी. मशीन उत्तम इटालियन होतं. पण सकाळच्या नाश्त्यानंतर ते कुणी वापरलंच नसावं. ग्राइंडरच्या वरच्या भांड्याला आतून तेलाचा पिवळा थर होता आणि दळलेली पूड डब्यात आधीच भरून ठेवलेली होती. दळलेल्या कॉफीचा वास तासाभरातही बराच उतरतो. तिथे ती कधीची होती देव जाणे.

तेव्हापासून मी ऑर्डर द्यायच्या आधी काउंटरपाशी दोन मिनिटं उभी राहते. प्रत्येक कपासाठी ग्राइंडर नव्याने फिरतो का, ते ऐकते. दुधात वाफ सोडणारी नळी पुसलेली आहे का, ते बघते. त्यावर दुधाचा सुकलेला थर असेल तर मी चहा मागवते. पाकिटावर भाजल्याची तारीख आहे का, हेही विचारते. भाजून साधारण आठवडा ते महिनाभर झालेली कॉफी एस्प्रेसोला बरी. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वेळ. गर्दीच्या वेळी जावं. सतत चालणारं मशीन एकसारखं तापलेलं असतं आणि बिया भांड्यात पडून राहत नाहीत.

माझं सगळ्यात आवडतं ठिकाण महालक्ष्मीचं. दादरला पंचवटी सोडायची, पश्चिम रेल्वेची स्लो लोकल पकडायची आणि प्रभादेवी, लोअर परळ करत महालक्ष्मीला उतरायचं. पुलावरून धोबीघाटावर वाळत घातलेले कपडे दिसतात. तिथून चालत शक्ती मिलच्या गल्लीत लक्ष्मी वुलन मिलच्या आवारात ब्लू टोकाई या कॉफी भाजून विकणाऱ्या कंपनीचं कॅफे आहे. गेल्या जुलैत गेले तेव्हा पाऊस असा लागला होता की छत्री उलटी झाली. काउंटरवरच्या मुलाने माझा शॉट, म्हणजे एका कपाची एस्प्रेसो, लावला आणि मीही सवयीने घड्याळ बघितलं. कॉफी अडखळत, थेंबाथेंबाने उतरत होती. चाळीस सेकंद झाले तरी कप भरेना. त्याने तो कप उचलला आणि सिंकमध्ये ओतला.

“मॅडम, हा नाही देत तुम्हाला. दोन मिनिटं थांबा.”

“पावसामुळे का रे?”

“हो, हवा दमट झाली की होतंच असं. सकाळपासून दोनदा ग्राइंड बदललाय.”

त्याने दळण जरा जाड केलं, दोन डोस फुकट घालवले, एक स्वतः चाखला आणि मग मला दिला. १८ ग्रॅम पुडीतून दुप्पट वजनाची कॉफी, २८ सेकंदांत. पहिल्या घोटाला गूळ भाजल्यासारखी चव, मग किंचित संत्र्याच्या सालीसारखी, आणि कडूपणा अगदी शेवटी, जिभेच्या मागे. मी साखर घातली नाही. परळला पोचेपर्यंत ती चव तोंडात होती. कॅलिब्रेशन बिघडलेला गेज लावून मशीन चालू करून द्यायचं नाही, हे मी माझ्या हाताखालच्या मुलांना रोज सांगते. इथे वीस-बावीस वर्षांचा एक मुलगा कुणी न सांगता तेच करत होता. त्याचं नाव विचारायचं राहून गेलं, याची चुटपुट आजही आहे.

बांद्र्याला काम निघालं तर चॅपल रोडवरच्या सबकोत जाते. जुन्या बंगल्यातलं कॅफे, २०२० साली सुरू झालेलं. तिथली कॉफी हलकी भाजलेली, फळाच्या आंबटपणाकडे झुकणारी असते. माझ्या आईला मी ती एकदा दिली, तर “अगं, नासलीय का ही?” असं तिने विचारलं. नासलेली नव्हती, पण सगळ्यांना रुचेल अशी ती नाही, हे खरं. ज्यांना कडक, काळी चव हवी त्यांनी तिथे आधी विचारून घ्यावं. शनिवार-रविवारी जागा मिळणं कठीण.

जेवणाच्या रेस्टॉरंटमध्ये मात्र मी आता एस्प्रेसो मागवत नाही. जेवण संपवून सांगितलेल्या कॉफीचे दिवसाला चार-पाचच कप जात असतील, तर ताज्या बिया आणि तापलेलं मशीन कोण ठेवणार? त्यापेक्षा माटुंग्याला जावं. कॅफे मद्रास १९४० पासून तिथे उभं आहे. चिकोरी घातलेली फिल्टर कॉफी, डबरा (पसरट वाटी) आणि पेला, वरून ओतून आणलेला फेस. ती एस्प्रेसो नाही, आणि तसा दावाही ती करत नाही. पण तासातासाला ताजं डिकॉक्शन (कॉफीचा अर्क) निघतं, तिथे कॉफी शिळी व्हायला वेळच मिळत नाही.

परतीच्या पंचवटीला वेळ असला तर मी महालक्ष्मीहून अट्टिकान इस्टेटचं पाकीट घेते. कर्नाटकातल्या बिळिगिरी रंगन डोंगरातली कॉफी, मध्यमापेक्षा जरा गडद भाजलेली. अख्ख्या बियांचंच घेते आणि घरी मोका पॉटपुरती (गॅसवर ठेवायचं कॉफीचं भांडं) दळते. इगतपुरी येईपर्यंत डब्यात तिचा वास पसरलेला असतो. मागच्या वेळी समोरच्या आजींनी पाकीट हातात घेऊन हुंगलं आणि विचारलं, “कुठं मिळते गं ही?” मी त्यांना महालक्ष्मीचा पत्ता तिकिटाच्या मागे लिहून दिला.