हाइव्ह: काही महिने वापरल्यावर कळलेलं व्होटचं वजन

हाइव्ह ही ब्लॉकचेनवर चालणारी ब्लॉगिंगची जागा. इथे लिहून पैसे मिळतात का, असं नागपुरातले मित्र विचारतात. मिळतात. पण कोणाच्या व्होटने मिळतात, ते आधी समजून घ्या.

इथे माणशी एक मत नाही. खात्यात जेवढी हाइव्ह पॉवर, म्हणजे अडकवून ठेवलेली हाइव्हची नाणी, तेवढं व्होटला वजन. माझ्या व्होटने आकडा हलतही नाही. एखाद्या व्हेलच्या, म्हणजे खूप पॉवर असलेल्या खात्याच्या, एका व्होटने काही डॉलर चढतात. आणि ट्रेंडिंगची यादी मुख्यतः या जमलेल्या मोबदल्यावर लागते, किती जणांनी वाचलं यावर नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीत गर्दीत उभं राहून मी काळी-पिवळी मारबत, म्हणजे मिरवणुकीतले मोठे पुतळे, टिपली. सोबतच्या टीकेच्या पुतळ्यांवर, म्हणजे बडग्यांवर, काय लिहिलं होतं, लोक 'घेऊन जा गे मारबत' का ओरडतात, सगळं नीट मांडलं. व्हेनेझुएलाच्या वाचकांनीही प्रश्न विचारले, छान चर्चा झाली. मोबदला मात्र काही सेंट. पुढे फुटाळ्यावरच्या सूर्यास्ताचा एक फोटो आणि चार ओळी टाकल्या, त्यावर एका मोठ्या खात्याचा व्होट पडला. लगेच पाठोपाठ छोट्या व्होटची रांग लागली. प्रतिसाद एकही नाही.

ही रांग म्हणजे क्युरेशन ट्रेल. मोबदल्याचा अर्धा वाटा व्होट देणाऱ्यांचा असतो, म्हणून अनेकांनी मोठ्या खात्यामागे आपोआप व्होट जाईल अशी सोय लावून ठेवली आहे. २०२१च्या बदलानंतर पहिल्या २४ तासांतले व्होट सारखेच धरले जातात, त्यामुळे आधी व्होट टाकायची घाई उरली नाही. न वाचता व्होट द्यायची सवय उरली. सात दिवसांत मोठा डाउनव्होट, म्हणजे विरोधी व्होट, पडला, तर तीच कमाई पुसलीही जाते.

पॉवर काढून घ्यायला १३ आठवडे लागतात. एवढा पैसा अडकवणाऱ्याच्या शब्दाला वजन असावं, हे मला मान्य आहे. त्यालाच लोकप्रियता म्हणणं मान्य नाही. २०२०मध्ये स्टीम या हाइव्हच्या आधीच्या ब्लॉकचेनवर, एक्स्चेंजकडे ठेवलेल्या ग्राहकांच्या नाण्यांनी मत देऊन विटनेस, म्हणजे ती ब्लॉकचेन चालवणारे निवडलेले लोक, बदलले गेले, आणि त्यातूनच हाइव्ह वेगळं झालं. वजनदार मत काय करू शकतं, हे हाइव्हच्या लोकांना सांगायची गरज नाही.

नवीन असाल तर ट्रेंडिंग सोडा, आपल्या विषयाच्या कम्युनिटीत 'नवीन' लावून वाचा. तिथे खरंच वाचून व्होट देणारे भेटतात. आणि ॲप बनवणाऱ्यांनी किती वेगवेगळ्या खात्यांनी प्रतिसाद दिला, यावर लागणारी दुसरी यादी द्यावी. त्याची सगळी नोंद ब्लॉकचेनवर उघडी पडलेलीच आहे.