संगणक हळू झाला की दाखवले जाणारे खोटे पुरावे

घरचा संगणक सुरू व्हायला पाच मिनिटं घेऊ लागला की माणूस इंटरनेटवर उपाय शोधतो, आणि फसवणारे नेमके तिथेच टपून असतात. शोधाच्या निकालांत सगळ्यात वर जाहिरात, तिच्यात ‘मोफत तपासणी’चं बटण. मिनिटभरात लाल अक्षरांत शेकडो ‘चुका’ दिसतात. तपासणी फुकट, दुरुस्तीला पैसे. पैसे भरण्याआधी तीच तपासणी व्यवस्थित चालणाऱ्या दुसऱ्या संगणकावर करून पाहा. तिथेही शेकडो चुका निघतील.

या चुका म्हणजे बहुतेक वेळा ब्राउझरच्या कुकी (वेबसाइटांनी ठेवलेल्या छोट्या नोंदी) आणि रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोज जिथे आपली आणि प्रोग्रॅमची सेटिंग लिहून ठेवतं त्या वहीतल्या, जुन्या नोंदी. काढून टाकलेल्या प्रोग्रॅमच्या काही नोंदी रजिस्ट्रीत मागे राहतात, हे खरं. पण विंडोज रजिस्ट्री पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचत बसत नाही, हवी ती नोंद थेट पत्त्यावरून उचलते. लाखो नोंदींतल्या हजारभर पुसल्या तरी वेगात फरक पडत नाही. चुकीची एक पुसली गेली तर मात्र एखादा प्रोग्रॅम किंवा खुद्द विंडोज अडकतं. असे क्लीनर वापरायला मायक्रोसॉफ्टचाही पाठिंबा नाही. ‘रॅम’ म्हणजे चालू कामाची तात्पुरती जागा; ती ‘मोकळी करणारे’ प्रोग्रॅम त्याच जातीचे: ते चालू प्रोग्रॅमचा डेटा रॅममधून हुसकावून डिस्कवर पाठवतात, आणि पुढच्या क्लिकला तो परत आणावा लागतो. आकडा छान दिसतो, काम मंदावतं.

तपासणी किती पोकळ असू शकते याचं उदाहरण अमेरिकेत नोंदलं गेलं आहे. ऑफिस डेपो या दुकानांच्या साखळीत ग्राहकाला आधी चार प्रश्न विचारत: संगणक हळू झालाय का, सारखा बंद पडतो का, अशा स्वरूपाचे. यातल्या एकावरही खूण केली की ‘व्हायरसची लक्षणं सापडली’ असा निकाल येई, मग स्कॅनमध्ये काही सापडो वा न सापडो. २०१९ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी संस्थेशी झालेल्या तडजोडीत ही कंपनी आणि तिला सॉफ्टवेअर पुरवणारी कंपनी यांनी मिळून साडेतीन कोटी डॉलर भरायचं मान्य केलं.

दुसरा मार्ग फोनचा. स्क्रीनभर इशारा येतो, भोंगा वाजतो, खाली नंबर असतो. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो, एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मं काम झालं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर (चालू प्रोग्रॅम आणि त्यांचा भार दाखवणारी खिडकी) उघडा, ब्राउझर बंद करा, आणि पुन्हा उघडताना जुनी पानं परत आणू नका.

ज्यांनी नंबर फिरवला त्यांना पुढचे ‘पुरावे’ दाखवतात. इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची घडामोडींची नोंदवही, उघडून लाल-पिवळ्या खुणा दाखवतात. त्या धडधाकट संगणकावरही असतात, कारण एखादी सेवा (पडद्यामागे चालणारा प्रोग्रॅम) उशिरा सुरू झाली तरी नोंद होऊ शकते. सर्व्हिसेसच्या यादीत ‘स्टॉप्ड’ दाखवतात. गरज नसलेल्या सेवा बंदच असायला हव्यात. आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीत नेटस्टॅट (संगणकाची चालू नेट-जोडणी दाखवणारी आज्ञा) चालवून ‘फॉरेन अॅड्रेस’ म्हणजे परदेशी हॅकर असं सांगतात. तो फक्त समोरच्या टोकाचा पत्ता असतो, आपण उघडलेल्या साइटचासुद्धा. सगळ्यात बेरकी युक्ती अॅसॉक (assoc) या आज्ञेची; ती फक्त कुठल्या प्रकारची फाइल कशाशी जोडली आहे याची यादी दाखवते. तिच्या यादीत शेवटाकडे ८८८डीसीए६० ने सुरू होणारा लांबलचक क्रमांक दिसतो. तोच क्रमांक आधी फोनवर वाचून दाखवतात आणि ‘हा तुमच्या संगणकाचा परवाना क्रमांक, म्हणून आम्ही खरे’ म्हणतात. हा क्रमांक जगातल्या सगळ्या विंडोजवर एकच आहे.

एवढ्यावर विश्वास बसला की दुरून ताबा घेणारा प्रोग्रॅम टाकायला लावतात. खरं नुकसान इथे होतं. स्क्रीन काळी करून पासवर्ड आणि फायली चाळतात, किंवा ‘परताव्याचे जास्त पैसे चुकून तुमच्या खात्यात गेले’ म्हणत बँकेचं पान उघडायला लावून त्यावरचे आकडे बदलून दाखवतात.

तिसरी फसवणूक संगणक दुरुस्तीला दिल्यावर होते: ८ जीबीची रॅम काढून ४ जीबीची बसवणं, नव्या एसएसडीच्या (फिरणारे भाग नसलेल्या वेगवान डिस्कच्या) जागी वापरलेली घालणं. देण्याआधी टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये रॅमची क्षमता, वेग, किती खाचा भरल्या आहेत आणि डिस्कचं मॉडेल यांचा फोटो काढा. परत घेताना तिथेच उभं राहून ताडून पाहा. विंडोज नव्याने टाकून दिलं असेल तर विंडोज सिक्युरिटीमधली एक्स्क्लूजन्सची, म्हणजे अँटिव्हायरसने तपासू नये अशा गोष्टींची, यादीही उघडा. चोरीचं विंडोज चालवायला वापरलेला अॅक्टिव्हेटर अँटिव्हायरसने पकडू नये म्हणून बरेचदा तिथे घालून ठेवलेला असतो.

खरं कारण शोधायला पैसे लागत नाहीत. संगणक सुरू करून दहा मिनिटं थांबा, काही उघडू नका, मग टास्क मॅनेजर पाहा. डिस्क १०० टक्क्यांवर अडकली असेल आणि ती फिरणारी हार्ड डिस्क असेल, तर दोष डिस्कच्या जातीचा आहे: इकडे-तिकडे विखुरलेल्या जागा ती सेकंदाला साधारण शंभरदा वाचू शकते, एसएसडी हजारो वेळा. एसएसडी बसवण्याइतका फरक कुठल्याच सफाईने पडत नाही. ४ जीबी रॅम नव्वद टक्के भरलेली असेल तर रॅम वाढवा. जोर पडल्यावर प्रोसेसरचा वेग बेस स्पीडच्याही खाली जात असेल तर पंख्यात धूळ असण्याची शक्यता आहे. संगणक बंद करून, पंख्याची पाती बोटाने धरून हवेचा फवारा मारा. टास्क मॅनेजरमधल्या स्टार्टअपच्या यादीतले नको ते प्रोग्रॅम बंद करा, सी ड्राइव्हवर १५ टक्के जागा मोकळी ठेवा. एसएसडी डीफ्रॅग करायची (विखुरलेले तुकडे जुळवायची) नाही, तिची देखभाल विंडोज स्वतः करतं.

हार्ड डिस्क असेल तर सफाईआधी क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ०५ आणि सी५ या ओळी (खराब झालेल्या आणि संशयास्पद जागांच्या) पाहा. ‘रॉ व्हॅल्यूज’ रकान्यातला आकडा शून्याहून जास्त असेल तर आधी फायली दुसरीकडे उतरवून घ्या. मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर तासन्‌तास स्कॅन चालवला की फोटो कायमचे जाऊ शकतात.

ताबा देऊन बसला असाल तर इंटरनेट लगेच तोडा आणि दुसऱ्या उपकरणावरून आधी ईमेलचा, मग बँकेचा पासवर्ड बदला. बँकेला स्वतः फोन करा. नंबर कार्डाच्या मागचा घ्या. ताबा घेणारा प्रोग्रॅम काढूनही मागे काही राहिलंय का हे सांगता येत नाही, म्हणून फायली जपून विंडोज नव्याने टाकणंच सुरक्षित. काही आठवड्यांनी ‘बुडालेले पैसे मिळवून देतो’ असा फोन येऊ शकतो. फसलेल्यांच्या याद्या पुढे विकल्या जातात, तुमचा नंबर त्यातूनच काढलेला असतो.