ॲडसॅस: अवघड मेजरचे जादा गुण मिळत नाहीत

अमेरिकेतल्या डेंटल स्कूलचे बहुतेक अर्ज ॲडसॅसमधून जातात. ही अमेरिकन डेंटल एज्युकेशन असोसिएशनची सेवा आहे. टेक्सासच्या रहिवाशांना तिथल्या स्कूलांसाठी टीएमडीएसएएस ही वेगळी अर्जसेवा. अर्ज करायला अजून तीन वर्षं असली तरी मेजर (पदवीचा मुख्य विषय) ठरवण्याआधी ॲडसॅस ग्रेडचा हिशेब कसा करते ते वाचून घ्यावं.

अर्जात मेजर लिहायला एक रकाना आहे, त्यापलीकडे त्याला काही किंमत नाही. इंजिनिअरिंगमधला बी ग्रेड आणि इतिहासातला बी, दोन्ही ४.० पैकी ३.०. जीवशास्त्र, रसायन आणि भौतिकशास्त्र यांचा जीपीए (ग्रेडची सरासरी) मात्र वेगळा निघतो, आणि प्रवेश समितीची नजर आधी तिथे जाते. संगीत घेऊन दंतवैद्य होता येतं. पण बायोलॉजी, जनरल केमिस्ट्री, ऑरगॅनिक केमिस्ट्री आणि फिजिक्स प्रत्येकी साधारण ८ सेमिस्टर तास (म्हणजे क्रेडिट) लागतात, लॅबसह, शिवाय बहुतेक ठिकाणी बायोकेमिस्ट्री. म्हणजे १२० तासांच्या पदवीत पस्तीसेक तास मेजरबाहेर काढावे लागतात. बायोलॉजीवाल्यांचे यातले बरेच मेजरमध्येच भागतात. बायोलॉजी मेजरचा खरा फायदा एवढाच.

सगळ्यात जास्त फसगत होते ती पुन्हा घेतलेल्या कोर्सची. समजा ४ तासांच्या ऑरगॅनिकला आधी सी आला, पुन्हा घेतल्यावर ए. कॉलेज जुना ग्रेड पुसून ४.० दाखवत असेल, ॲडसॅस दोन्ही धरते: ३.०. कम्युनिटी कॉलेजात, अगदी शाळेत असताना केलेला कॉलेज कोर्सही सुटत नाही. प्रत्येक संस्थेची ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे अधिकृत गुणपत्रक, लागते. सेमिस्टरऐवजी क्वार्टर, म्हणजे छोट्या सत्रांच्या, पद्धतीचे तास सेमिस्टर तासांत बदलताना दोन तृतीयांश होतात, १५ चे १०. त्यामुळे तासांची अट असलेल्या स्कूलला वर्षभराचे कोर्स पुरतात का, ते आधीच तपासावं.

कोर्स भरण्याचा भाग कंटाळवाणा आहे. क्रमांक, नाव, तास, ग्रेड हे सगळं ट्रान्सक्रिप्टवर आहे तसंच टाकायचं. आठवणीतून भरलं की पडताळणीत अर्ज परत येतो आणि आठवडे वाया जातात. बऱ्याच स्कूलांत अर्ज येतील तसे जागा देतात, त्यामुळे हा उशीर महागात पडतो. निबंधाला ४,५०० अक्षरं, मोकळ्या जागा धरून. शिफारसपत्रं जास्तीत जास्त चार, आणि त्यात विज्ञानाचे प्राध्यापक मागणाऱ्या स्कूल बऱ्याच. तीनशे मुलांच्या वर्गात नुसतं बसलेल्याला ते पत्र मिळवणं जड जातं. छोट्या विभागाच्या मेजरची बाजू इथे भक्कम.

डॅट या डेंटल प्रवेश परीक्षेलाही मेजरशी देणंघेणं नाही. विज्ञानाचे १०० प्रश्न: बायोलॉजी ४०, जनरल केमिस्ट्री ३०, ऑरगॅनिक ३०. फिजिक्स नाहीच, तरी स्कूल कोर्स मागतात. डॅटच्या आधी ऑरगॅनिक झालेलं हवं, म्हणून ते दुसऱ्या वर्षी संपेल असंच वेळापत्रक बसवावं, मेजर कोणतंही असो.

सेवा म्हणून ॲडसॅस कोरडी आहे, पण लपवाछपवी नाही. नियम उघड लिहिलेले आहेत. मुलं ते चौथ्या वर्षी उघडतात, तेव्हा सी येऊन गेलेला असतो, आणि तो पुसता येत नाही.