जुनी गाडी उन्हाळ्यात तापते: रेडिएटर बदलायचा की पंखा?

मार्च संपत आला की जुनी गाडी बाळगणाऱ्याचं अर्धं लक्ष तापमानाच्या काट्यावर जातं. पुण्यात एप्रिल-मेच्या दुपारी पारा 38-40 अंशांवर सहज पोचतो. थंडीतल्या 25 अंशांच्या दुपारी रेडिएटरमधलं 90 अंशांचं पाणी आणि बाहेरची हवा यांत 65 अंशांचा फरक असतो. उन्हाळ्यात तो 50 वर येतो. रेडिएटरचं सगळं काम या फरकावर चालतं, म्हणजे तोच रेडिएटर जवळजवळ पाव हिस्सा कमी उष्णता बाहेर टाकतो. डिसेंबरात गुमान चाललेली गाडी एप्रिलात उकळते ती यामुळे. बिघाड आधीपासूनच असतो, थंडीत तो झाकला जातो.

गॅरेजमध्ये मग दोन सल्ले हमखास मिळतात. ॲल्युमिनियमचा मोठा रेडिएटर टाका, नाहीतर इलेक्ट्रिक फॅन बसवा. दोन्हींत पैसे घालण्याआधी गाडी नेमकी कुठे तापते ते पाहा. माझी डिझेल जीप संध्याकाळी सिंहगड रोडच्या कोंडीत तापायची आणि रस्ता मोकळा मिळाला की काटा आपोआप खाली यायचा. मामांची जुनी पेट्रोल गाडी नेमकी उलट: शहरात शांत, पण साताऱ्याला जाताना खंबाटकी घाट निम्मा चढला की काटा लाल पट्टीला टेकायचा. जीपला उभी असताना हवा मिळत नव्हती. मामांच्या गाडीला हवा मिळत होती, पण आतून पाणी धड फिरत नव्हतं. कोंडीत तापणारी गाडी पंख्याकडे बोट दाखवते, चढावर किंवा वेगात तापणारी रेडिएटरकडे.

(कार्बोरेटरची पेट्रोल गाडी भर उन्हात बंद पडली आणि काटा मात्र मध्यावरच असेल, तर इंजिन तापलेलं नाही. पेट्रोलची वाफ होऊन पंप अडलाय. पंपावर ओलं फडकं ठेवून थोडं थांबा, रेडिएटरला हात लावू नका.)

रेडिएटर: जुना तांब्या-पितळेचा की नवा ॲल्युमिनियमचा

तांबं ॲल्युमिनियमपेक्षा उष्णता चांगली वाहून नेतं, तरी नवे रेडिएटर ॲल्युमिनियमचे असतात. कारण त्याच्या नळ्या रुंद करता येतात. इंचभर रुंद नळ्यांच्या दोन ओळी जुन्या अर्ध्या इंची नळ्यांच्या चार ओळींचं काम करतात आणि वजनही कमी भरतं. गाडीला नंतर एसी बसवला असेल, तर त्याचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढ्यात येऊन आधीच तापलेली हवा मागे सोडतो. अशा गाडीला ॲल्युमिनियमचाच घ्यावा. मूळ रेडिएटर पार कुजला असेल तेव्हाही तोच.

बाकीच्यांनी मात्र जुना फेकायची घाई करू नये, असं मी अगदी आग्रहाने सांगेन. तांब्या-पितळेचा रेडिएटर झाळून जोडलेला असतो, त्यामुळे तो उघडता येतो. वरची टाकी काढून नळ्यांत सळ्या घालून साफ करणं, म्हणजे रॉडिंग, हा सगळ्यांत स्वस्त उपाय. नळ्या पातळ झाल्या असतील तर टाक्या त्याच ठेवून फक्त मधली जाळी नवी घालता येते. ॲल्युमिनियमच्या रेडिएटरला, त्यातही प्लॅस्टिकच्या टाक्यांच्या, अशी दुरुस्ती क्वचितच जमते. फुटला की नवा आणायचा. शिवाय तो गाडीच्या मापाचा मिळाला नाही, तर बसवायचे ब्रॅकेट कापणं, होज पाइप वळवणं हे प्रकार सुरू होतात.

नाना पेठेत जुन्या गाड्यांचे सुटे भाग शोधत फिरणाऱ्यांना हे नवीन नाही, तरी ज्याने पहिल्यांदाच जुनी गाडी घेतलीय त्याच्यासाठी लिहितोय. मामांच्या गाडीची टाकी उघडली तेव्हा नळ्यांच्या तोंडाशी पांढरे खवले बसले होते. वर्षानुवर्षं सोसायटीच्या बोअरचं पाणी त्यात ओतलं गेलं होतं. रॉडिंगवर एक उन्हाळा निघाला, दुसऱ्या वर्षी गळती लागली आणि मग जाळी बदलली. त्यानंतर ती खंबाटकी न थांबता चढते.

पंखा: पट्ट्याचा की विजेचा

अँबॅसिडर, जुन्या जीप यांचा पंखा फॅन बेल्टवर, इंजिनाच्या गतीने फिरतो. म्हणजे गाडी कोंडीत उभी असते, हवेची सगळ्यांत जास्त गरज असते, तेव्हाच तो सगळ्यांत हळू फिरतो. इलेक्ट्रिक फॅनला इंजिनाच्या गतीशी देणंघेणं नाही. थर्मोस्विचने सांगितलं की पूर्ण वेगाने सुरू. कोंडीपुरतं बोलायचं तर तो सरळ सरस आहे. मारुती 800 सारख्या गाड्यांना तो कारखान्यातूनच असतो. तिथे निवडीचा प्रश्नच नाही, फक्त फॅन लागतोय ना ते बघायचं.

पण नंतर बसवायचा तर तो 10 ते 15 अँपिअर खातो. बॅटरी चार्ज करायला अल्टरनेटर असेल तर ठीक. त्याच्या जागी जुना डायनॅमो असलेली गाडी असेल तर नकोच, कारण डायनॅमो आयडलवर जेमतेम वीज देतो. रात्री हेडलाइट, वायपर आणि पंखा एकत्र चालले की बॅटरी उतरणार. रिले (पंख्याचा मोठा प्रवाह पेलणारा वेगळा स्विच) आणि स्वतंत्र फ्यूज न घालता थेट स्विचवरून वायर ओढून देणाऱ्याकडे काम देऊ नका. जुन्या वायरिंगला आग लागायचं ते एक कारण आहे.

माझ्या जीपला शेवटी इलेक्ट्रिक फॅन लागलाच नाही. पंख्याभोवतीचं पत्र्याचं कव्हर, ज्याला शराउड म्हणतात, ते पूर्वी कुणीतरी काढून टाकलं होतं. त्याशिवाय पंखा जाळीतून हवा धड ओढत नाही, बाजूची गरम हवाच घुसळतो. कव्हर बनवून घेतलं, सैल झालेला बेल्ट बदलला आणि जीप कोंडीत तापायची थांबली. म्हणून इलेक्ट्रिक फॅनच्या आधी शराउड जागेवर आहे का, ते पाहा. आणि पट्ट्याच्या पंख्याची गाडी कोंडीत तापू लागली तर न्यूट्रलमध्ये थोडा ॲक्सिलरेटर देऊन धरा. पंखा आणि वॉटर पंप दोन्ही जोरात फिरतात.

पाणी की कूलंट

नुसतं पाणी उष्णता जास्त वाहून नेतं, हे खरं आहे. पण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंचीच्या पुण्यात ते उघड्यावर 98 अंशांच्या आसपासच उकळतं, शिवाय गंज आणि क्षार आणतं. डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मं कूलंट घाला. ॲल्युमिनियमचा रेडिएटर असेल तर त्याला पर्यायच नाही. कूलंटच्या रंगावर जाऊ नका, रंगाचं कुठलंही ठरलेलं मानक नाही. तांब्या-पितळेला चालतं असं डब्यावर लिहिलंय का ते वाचा आणि दोन प्रकार मिसळू नका.

थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापल्यावरच ते रेडिएटरकडे सोडणारी झडप, काढून टाकायचा सल्ला मिळेल. ऐकू नका, खराब असेल तर नवा घाला.

आणि रेडिएटरचं झाकण. सगळ्यांत स्वस्त भाग आणि सगळ्यांत उशिरा तपासला जाणारा. त्याची स्प्रिंग दाब धरते, त्या दाबामुळे उकळबिंदू बराच वर जातो. रबर कडक झालं की तो सगळा फायदा जातो आणि नवा रेडिएटरही उकळतो. मी दोन्ही गाड्यांचं झाकण आधी बदलतो, त्याच दाबाचं. इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच.