झुरळांवर बोरिक पावडर: स्वस्त आणि मस्त, पण धीर धरा

औषधाच्या दुकानात सुटी मिळणारी बोरिक पावडर झुरळांवर महागड्या स्प्रेपेक्षा उजवी ठरते. कॅरमची पावडर घेताना मात्र पाकीट वाचा, काहींत नुसता स्टार्च असतो.

4 चमचे पावडर, तेवढीच कणीक, 1 चमचा पिठीसाखर. दुधात घट्ट मळून हरभऱ्याएवढ्या गोळ्या करा. सिंकखाली, गॅस सिलिंडरमागे, फ्रिजच्या मोटरजवळ ठेवा. कोरडी भुरभुरायची तर अगदी पुसट थर द्या. ढीग दिसला की झुरळ वळसा घालून जातं! पातळ थरातून चाललं, की पायांना, मिशांना पावडर चिकटते, ती चाटून साफ करताना पोटात जाते. म्हणून परिणाम दिसायला आठवडा-दोन आठवडे लागतात. त्याच जागी फिनेल किंवा स्प्रे मारलात तर झुरळं गोळीकडे फिरकणारच नाहीत.

अंड्यांच्या कोषावर ही चालत नाही, त्यामुळे महिन्याभराने नव्या गोळ्या हव्यातच. पावसाळ्यात कोरड्या पावडरचे ओलीने गठ्ठे होतात, तेव्हा गोळ्याच बऱ्या. खनिजापासून बनते म्हणून निर्धोक समजू नका: रांगतं मूल किंवा मांजर असेल तर हात न पोचणाऱ्या फटीतच ठेवा. कडुलिंबाचा पाला धान्याच्या डब्यात ठीक, झुरळांपुढे त्याची डाळ शिजत नाही.