कोठाराचं दार: गॅसवरचं कोड-कुलूप घ्यावं की विजेवरचं?

स्फोटकं, ज्वालाग्राही रसायनं किंवा मौल्यवान माल ठेवायच्या कोठाराला कोडचं कुलूप लावायचं ठरलं, की पहिली चौकशी ताकदीची होते. सर्रास मिळणारी चुंबकी कुलपं सुमारे 270 किंवा 540 किलोची पकड सांगतात. गॅसवरच्या कुलपात सिलिंडर असतो, म्हणजे गॅसच्या दाबाने आतला दट्ट्या सरकवणारी नळकांडी. 50 मिमी व्यासाचा असा सिलिंडर 6 बार दाबावर (हवेच्या दाबाच्या साधारण सहापट) जेमतेम 120 किलोचा रेटा देतो. पण ही तुलनाच फसवी आहे. चुंबक स्वतः दार धरून ठेवतो, तर सिलिंडर फक्त अडसर सरकवतो. दार धरतो तो पोलादी अडसर. शिवाय दांड्या जोडून एकाच दट्ट्याने दाराच्या चारही बाजूंचे अडसर हलवता येतात.

खरा फरक ऊर्जा संपल्यावर कळतो. वीज गेली आणि बॅटरीही उतरली, की चुंबकी कुलूप सुटतं. विजेवरचीच, पण वीज जाताच बंद राहणारी कुलपंही मिळतात. ती मुद्दाम सांगून घ्यावी लागतात. गॅसच्या कुलपात सगळं स्प्रिंगवर अवलंबून. स्प्रिंग बंदच्या बाजूला ढकलत असेल तर गॅस संपला तरी दार बंद. कोणतंही घ्या, आतल्या माणसाला कोड, गॅस, वीज यांपैकी काहीही न लागता दार उघडता आलंच पाहिजे.

आता कोड. निव्वळ गॅसवर चालणाऱ्या पॅनेलमध्ये प्रत्येक बटण म्हणजे एक छोटा व्हॉल्व्ह. क्रम बरोबर असेल तर दाब पुढच्या व्हॉल्व्हपर्यंत पोचतो. एक बटण चुकलं की साठलेला दाब फुस्सकन बाहेर आणि पुन्हा पहिल्यापासून. विजेची ठिणगी उडायचा प्रश्नच नाही, म्हणून ज्वालाग्राही वाफा असतील तिथे हीच मांडणी मला पटते. पण घोडं पेंड खातं ते कोड बदलताना. कोड नळ्यांच्या जोडणीत असतो, त्यामुळे कर्मचारी सोडून गेला की पॅनेल उघडून नळ्या बदला. कोणी कधी दार उघडलं याची नोंदही नाही. इलेक्ट्रॉनिक कीपॅडवर दोन्ही कामं चुटकीसरशी होतात. माणसं वरचेवर बदलत असतील तर माझं मत सरळ कीपॅडला.

मधला मार्गही आहे: कोड कीपॅडवर, जोर गॅसचा. मात्र सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेने उघडणारा-मिटणारा व्हॉल्व्ह) धोक्याच्या जागेबाहेर, सुरक्षित खोलीत बसवावा आणि आत फक्त नळी न्यावी.

गॅस कोणता? दाबाच्या हवेत ओल असते आणि थंडीत ती व्हॉल्व्हमध्ये गोठते. कोरडा नायट्रोजन बरा. 10 लिटरच्या बाटलीत 150 बारला सुमारे 1500 लिटर गॅस मावतो. वर सांगितलेल्या 50 मिमीच्या सिलिंडरला 100 मिमी सरकायला दर खेपेला साधारण 1.4 लिटर लागतो, म्हणजे गळती नसेल तर हजारेक खेपा. कार्बन डायऑक्साइड बाटलीत द्रवरूप असतो, त्यामुळे दाबाच्या मीटरचा काटा जवळपास शेवटपर्यंत हलत नाही. बाटली वजन करूनच पाहावी लागते. दोन्ही वायू बंद खोलीतला ऑक्सिजन हटवतात, तेव्हा सुटणारा गॅस नळीने इमारतीबाहेर सोडा.

ऑर्डर देण्याआधी नकाशात एक जागा शोधा: गॅस संपल्यावर बाहेरून बाटली जोडायचं तोंड. ते कोड-पॅनेलला जोडलेलं हवं. थेट सिलिंडरला जोडलेलं असेल, तर बाटली आणणारा कोणीही कोडशिवाय दार उघडेल.